कार्ड आधी बघा, लेबल नंतर

नॅशनलहून काल रात्री परत आलो, पायांचे अक्षरशः तुकडे पडलेत पण सगळं ताजं आहे तोवर लिहून टाकतो. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी, नॅशनल म्हणजे नॅशनल स्पोर्ट्स कलेक्टर्स कन्व्हेन्शन. १९८० ला लॉस एंजेलिसला पहिल्यांदा भरलं आणि आता दर उन्हाळ्यात जुलैच्या शेवटी किंवा ऑगस्टच्या सुरुवातीला असतं, कधी क्लीव्हलँड, कधी अटलांटिक सिटी, आणि बऱ्याचदा शिकागोच्या ओहेअर विमानतळाला लागून असलेल्या रोझमाँटला, ह्या वेळी तिथेच होतं. बुधवार ते रविवार असा पाच दिवसांचा कार्यक्रम. एका छपराखाली इतकी जुनी बेसबॉल कार्डं, म्हणजे गमच्या किंवा सिगरेटच्या पाकिटातून निघालेली खेळाडूंची चित्रं, एकत्र बघायला मिळतात अशी दुसरी जागा मला तरी माहीत नाही.

आत शिरल्या शिरल्या मोठ्या कंपन्यांचे बूथ, स्क्रीन, लाइट, नवीन पाकिटं कॅमेऱ्यासमोर फोडणारी मंडळी आणि त्यांच्याभोवती पोरांची झुंबड. तो वेगळा छंद आहे, मी तिथे थांबत नाही, सरळ व्हिंटेजवाल्यांकडे, म्हणजे जुनी कार्डं विकणाऱ्यांकडे जातो. तिथलं वातावरणच वेगळं असतं, काचेच्या चपट्या पेट्या, त्यात ओळीने लावलेली कार्डं, बाजूला वर्षावार लावलेले पांढरे लांबोडे खोके आणि स्टुलावर बसून हातातली यादी बघत बघत एकेक कार्ड पुढे सरकवणारे लोक. बोलणं कमी. कुणी काही बोललंच तर "५४ चे कॉमन कुठे आहेत" एवढंच, कॉमन म्हणजे साध्या खेळाडूंची कार्डं.

आता कुणी म्हणेल की ईबेवर सगळं घरबसल्या मिळतं मग एवढी पायपीट कशाला. मिळतं, मीही घेतो. पण फोटोत कार्ड नेहमी सरळ समोरून दिसतं, आणि जुन्या कार्डाची खरी हालत सरळ समोरून कळतच नाही. ते हातात घेऊन लाइटखाली तिरकं करावं लागतं, मग एखादी बारीक सुरकुती चमकते जी स्कॅनमध्ये कधीच येत नाही. कडा बघावी लागते, मागची बाजू बघावी लागते, अल्बममधून उचकटताना कागद निघालाय का, च्युइंगमचा किंवा पाकिटाच्या मेणाचा डाग आहे का, कुणी टाचणी टोचून भिंतीला लावलं होतं का. हे सगळं दहा सेकंदात होतं, पण कार्ड समोर असेल तरच. माझ्यासाठी नॅशनलचा खरा फायदा हाच.

मी सध्या टॉप्स ह्या कार्ड कंपनीचा १९५६ चा सेट जमवतोय. हाच का, तर मला तो टॉप्सचा सगळ्यात सुंदर सेट वाटतो, आणि ह्यावर मी कुणाशीही वाद घालायला तयार आहे. ३४० कार्डं, सगळी आडवी, प्रत्येकावर खेळाडूचा मोठा रंगीत चेहरा आणि त्याच्यामागे मैदानावरचं एक ॲक्शन चित्र, मागच्या बाजूला तीन चौकटींचं छोटं कार्टून. ही टॉप्सची मोठ्या साइजची शेवटची कार्डं, ३.७५ बाय २.६२५ इंच, कारण १९५७ पासून त्यांनी साडेतीन बाय अडीच इंच केलं आणि आजपर्यंत तेच स्टँडर्ड चालू आहे. म्हणून ५६ च्या बाइंडरला नेहमीची नऊ खणांची पानं चालत नाहीत, आठ खणांची घ्यावी लागतात. त्याच वर्षी टॉप्सने बोमन ही स्पर्धक कंपनी विकत घेतली, त्यामुळे आधी दोन कंपन्यांमध्ये वाटले गेलेले खेळाडू इथे एकत्र यायला लागले. मॅन्टल, मेज, टेड विल्यम्स, जॅकी रॉबिन्सन, कोफॅक्स, क्लेमेंटे, ॲरन, बँक्स, सगळे एका सेटमध्ये. आणि १९५२ च्या सेटसारखं घर गहाण टाकायला लागत नाही.

पहिला दिवस मी फक्त कॉमन्सना देतो. मोठ्या कार्डांच्या मागे लगेच धावायचं नाही, कारण साध्या खेळाडूंच्या खोक्यात बसलं की डोळा तयार होतो, चांगलं सेंटरिंग, म्हणजे चित्र कार्डावर मधोमध असणं, किती चांगलं, ह्या सेटचे कोपरे साधारण कसे झिजतात, पांढरी बॉर्डर जुनी होऊन कुठल्या रंगावर जाते. ५६ मध्ये पहिल्या १८० कार्डांच्या मागचा कागद करडा किंवा पांढरा दोन्ही प्रकारचा मिळतो, काही लोक दोन्ही प्रकार जमवतात, मी नाही. १८१ ते २६० मधली कार्डं जरा कमी दिसतात त्यामुळे ती दिसली की आधी बाजूला काढून ठेवायची आणि भाव मग विचारायचा.

ॲरनचं कार्ड मला दुसऱ्या दिवशी दुपारी मिळालं. एका कोपऱ्यातल्या टेबलावर एक वयस्कर गृहस्थ बसले होते, काचेखाली ५० च्या दशकातले बरेच स्टार होते आणि त्यातली निम्मी कार्डं स्लॅबशिवाय (स्लॅब म्हणजे ग्रेडिंग कंपनीने नंबर देऊन सील केलेली डबी) नुसती प्लॅस्टिकच्या कडक कव्हरात. मी म्हटलं ३१ नंबर बघू का. त्यांनी काच उघडून कार्ड काढलं, कव्हरातून बाहेर काढून माझ्या तळहातावर ठेवलं आणि म्हणाले, सावकाश बघा, घाई नाही. असा डीलर भेटला ना की अर्धं काम झालं. जो कव्हरातून काढू देत नाही त्याच्याकडून मी स्लॅबशिवायचं कार्ड घेतच नाही.

तर हे कार्ड. मिलवॉकी ब्रेव्ह्जचा हँक ॲरन, बावीस वर्षांचा पोरगा, आणि चेहऱ्याचं चित्र तेच जे १९५४ च्या त्याच्या पहिल्या कार्डावर आहे, ५५ लाही तेच वापरलं, ५६ लाही तेच, टॉप्सने तीन वर्षं एकच चेहरा चालवला. पण मजा पुढे आहे. मागच्या ॲक्शन चित्रात जो खेळाडू होम प्लेटवर घसरतोय तो ॲरन नाहीच, तो विली मेज आहे! दुसऱ्या टीमच्या खेळाडूचा फोटो घेऊन रंग मारून ॲरन म्हणून खपवलाय. म्हणजे एका कार्डावर दोन महान खेळाडू आणि त्यातल्या एकाचं नावसुद्धा नाही. मी हे कार्ड फोटोत कितीदा पाहिलं असेल, पण हातात धरून ती घसरणारी आकृती जवळून बघितली तेव्हा अंगावर काटा आला. चारही कोपरे गोल झालेले, वरच्या डाव्या बाजूला एक क्रीज म्हणजे घडी, पण ती बॉर्डरमध्येच संपते, चेहऱ्यापर्यंत येत नाही, रंग एकदम भरलेला, सेंटरिंग मस्त. मागे फिकट पेन्सिलने काहीतरी लिहून खोडलेलं.

मी माझ्याबरोबर ह्याच सेटचं एक खात्रीचं साधं कार्ड कायम ठेवतो. ते ॲरनच्या पाठीला पाठ लावून धरलं आणि चारही बाजू बघितल्या. कारण कापलेली कार्डं हा ह्या छंदातला जुना रोग आहे. झिजलेली कड पात्याने बारीक छाटली की कोपरे पुन्हा टोकदार दिसतात आणि भाव वाढतो. जुन्या कारखान्यातली कड जराशी खरबरीत असते, कापलेली कड नको इतकी सफाईदार असते, किंवा मधेच किंचित आत गेलेली असते. नुसत्या मापावर जाऊ नका, तेव्हाची कार्डं मुळातच थोडीफार लहानमोठी निघायची, माप आणि कडेचा पोत दोन्ही मिळून बघायचं. कोपरे झिजलेत पण कड जर वस्तऱ्यासारखी आहे, तर तिथे काहीतरी गडबड आहे. ह्या ॲरनचं सगळं जमत होतं.

स्टिकरवर २२० डॉलर होते. मी शांतपणे विचारलं, रोख दिले तर कमीत कमी काय घ्याल. ते म्हणाले १९०. मी त्यांच्याच खोक्यातून काढलेली कॉमन्सची गड्डी पुढे ठेवली, १८१ ते २६० मधली, आणि म्हटलं हे सगळं मिळून सांगा. त्यांनी कागदावर बेरीज केली, वरचे सुटे सोडले, हात मिळवला. घासाघीस म्हणतात ती एवढीच. समोरच्याच्या कार्डाला नावं ठेवून भाव पाडायचा हा प्रकार मला अजिबात आवडत नाही, शेजारच्या टेबलावर एक जण तेच करत होता, "कोपरे बघा, डाग बघा, ह्याचे एवढे?" असं. अहो तुम्हाला एवढं वाईट वाटतंय तर घेताय कशाला? कार्ड आवडलंय म्हणा, बजेट सांगा, दोनतीन वस्तू एकत्र घ्या, रोख ठेवा. बाकी काही लागत नाही. आणि रविवारी भाव पडतात म्हणून सगळे थांबतात, ते खरं आहे, डीलरला माल परत भरून न्यायचा कंटाळा असतो, पण तोवर चांगलं कार्ड राहत नाही. मनात भरलेलं कार्ड रविवारवर टाकायचं नाही, कॉमन्स टाकावेत.

आता स्लॅबबद्दल, कारण ह्यावर माझं मत ठाम आहे. पीएसए ही ग्रेडिंग कंपनी १९९१ ला आली, मग एसजीसी, बेकेट वगैरे, कार्ड तपासून १ ते १० नंबर देतात आणि प्लॅस्टिकच्या डबीत सील करतात. त्याचा उपयोग आहेच, महागड्या कार्डाचं खरंखोटं कळायला आणि नंतर विकायला स्लॅब लागतोच, मीही मोठी कार्डं स्लॅबमधलीच घेतो. पण लोक आता कार्ड बघतच नाहीत, वरचा नंबर बघतात, फोनवर तो नंबर टाकून शेवटची विक्री किती झाली ते बघतात आणि सौदा करतात. अरे कार्डाकडे बघा तरी! पीएसएने ग्रेड केलेलं सगळ्यात पहिलं कार्ड म्हणजे होनस वॅगनरचं ते प्रसिद्ध टी२०६ सिगरेट कार्ड, ८ नंबर दिला होता, हॉकीपटू वेन ग्रेट्झकी आणि त्याच्या भागीदाराने १९९१ ला ४ लाख ५१ हजार डॉलरला लिलावात घेतलेलं. ते कार्ड कापलेलं होतं हे ज्याने कापलं त्या डीलरने स्वतः २०१३ मध्ये फसवणुकीच्या खटल्यात कबूल केलं. जगातलं सगळ्यात गाजलेलं कार्ड, पहिला स्लॅब, आणि आत कापलेला कागद. ह्याच्यापुढे मी अजून काय सांगू.

आणि ह्या नंबरांच्या खेळातच माझ्यासारख्या साध्या पगारदार माणसाला संधी आहे. ग्रेडिंगमध्ये मागच्या बाजूला थोडा कागद निघालेला असला किंवा बारीकसं टाचणीचं भोक असलं की कार्ड थेट १ किंवा २ वर येतं. पण समोरून बघाल तर तेच कार्ड एखाद्या ५ नंबरपेक्षा देखणं असतं, रंग टवटवीत, चेहरा स्वच्छ, चित्र मधोमध. उलट कोपरे चांगले पण चित्र एका बाजूला झुकलेलं असं ४ नंबरचं कार्ड दुप्पट तिप्पट भावाला विकलं जातं. मला रोज बाइंडर उघडून बघायचंय तर मी कुठलं घेईन? मी अशी १ नंबरवाली शोधत फिरतो. काही डीलर अशी कार्डं टेबलाच्या मागच्या बाजूला वेगळ्या खोक्यात ठेवतात, विचारल्याशिवाय दाखवत नाहीत, म्हणून मी प्रत्येक टेबलावर विचारतो, लो ग्रेड स्टार आहेत का. जॅकी रॉबिन्सन मला असाच मिळाला.

३० नंबर. जॅकीचं टॉप्सचं शेवटचं कार्ड, कारण ५६ चा सीझन खेळून तो रिटायर झाला. मोठा हसरा चेहरा, केस पांढरे व्हायला लागलेले, आणि मागे तो होम प्लेटकडे घसरतोय. ब्रुकलिन डॉजर्सनी १९५५ मध्ये पहिल्यांदा वर्ल्ड सिरीज जिंकली, त्याच्या दुसऱ्याच वर्षी हे कार्ड पाकिटातून निघालं, ब्रुकलिनमधल्या पोरांना काय वाटलं असेल विचार करा. माझ्या कार्डाच्या मागे दोन कोपऱ्यांत गोंदाने कागद निघालाय, कार्टूनचा एक तुकडा गेलाय. पुढची बाजू अशी आहे की मी डीलरकडे दोनदा परत देऊन पुन्हा मागून घेतली. ह्याचे पैसे लिहीत नाही कारण बायको वाचते.

क्लेमेंटेही मिळाला, ३३ नंबर. त्याच्या कार्डावर रॉबर्टो असं त्याचं खरं नाव छापलंय, आणि हे मुद्दाम सांगतो कारण पुढच्या वर्षीपासून टॉप्सने त्याला बॉब केलं आणि पुढची बरीच वर्षं बॉबच छापत राहिले. पोर्तो रिकोहून आलेला अभिमानी माणूस, त्याला ते आवडत नव्हतं. ३१ डिसेंबर १९७२ ला निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन जाताना त्याचं विमान समुद्रात पडलं, तेव्हा त्याचे बरोबर ३००० हिट झाले होते. मला क्लेमेंटेची ५५ आणि ५६ चीच कार्डं पाहिजेत, ५५ चं पहिलं कार्ड माझ्या आवाक्याबाहेर आहे, म्हणून हे.

जरा आडवळण. टी२०६ च्या टेबलापाशी मी तासभर नुसता उभा होतो, घ्यायचं काहीच नव्हतं. १९०९ ते १९११ मध्ये सिगरेटच्या पाकिटातून आलेली ही चिमुकली कार्डं, मागे पिडमाँट, स्वीट कॅपोरल अशा ब्रँडच्या जाहिराती. वॅगनरचं कार्ड इतकं कमी का, तर त्याने छापायचं थांबवायला लावलं, कुणी म्हणतं तंबाखूशी नाव जोडायचं नव्हतं, कुणी म्हणतं पैशावरून. टेबलवाला एका कॉलेजच्या मुलीला नकली कसं ओळखायचं ते शिकवत होता आणि मीही कान देऊन ऐकत होतो. भिंगाखाली खालचं खेळाडूचं नाव बघायचं, खऱ्या कार्डावर अक्षरं सलग ब्राउन शाईत छापलेली असतात, नकलेत चित्रासारखीच ठिपक्याठिपक्यांची दिसतात. आणि अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मारायचा, नवीन कागदात चमक आणणारी रसायनं असतात त्यामुळे तो निळसर पांढरा चमकतो, शंभर वर्षांपूर्वीचा कागद मख्ख राहतो. मुलीने एक पिडमाँट घेतलं, मधोमध मोडलेलं, तिचं पहिलंच. टेबलवाल्याने तिला भिंग तसंच देऊन टाकलं.

टी२०६ हे नावसुद्धा एका जमवणाऱ्याचंच. जेफरसन बर्डिक नावाच्या माणसाने अमेरिकेतल्या सगळ्या छापील कार्डांचा कॅटलॉग केला, तंबाखूवाल्यांना टी, गमवाल्यांना आर अशी अक्षरं दिली, आणि स्वतःचा तीन लाखांवर वस्तूंचा संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला देऊन टाकला. संधिवाताने हात वाकडे झालेले असताना वर्षानुवर्षं बसून अल्बममध्ये चिकटवत होता, १९६३ ला काम पूर्ण केलं आणि थोड्याच दिवसांत गेला. आपण आज जे नंबर सहज बोलतो ते ह्या माणसाचे आहेत, हे नवीन लोकांना सांगायला पाहिजे.

१९५२ च्या टॉप्स सेटमधला मॅन्टल बघायला अर्थातच गर्दी होती. ऑगस्ट २०२२ मध्ये एक १ कोटी २६ लाख डॉलरला गेला तेव्हापासून लोक त्याच्यासमोर फोटो काढतात. पण एक गोष्ट लोक विसरतात, ३११ नंबरचा हा मॅन्टल त्याच्या सिरीजमध्ये (सेट टप्प्याटप्प्याने यायचा, एक टप्पा म्हणजे सिरीज) दुर्मिळ नाही, तो डबल प्रिंट आहे, म्हणजे एका शीटवर दोनदा छापलेला, त्याच सिरीजमधले कितीतरी साधे खेळाडू त्याच्यापेक्षा कमी छापलेत. ती अख्खी सिरीजच सीझन संपत आल्यावर दुकानात आली, पोरांचं लक्ष फुटबॉलकडे गेलेलं, खोकीच्या खोकी पडून राहिली आणि १९६० मध्ये टॉप्सच्या साय बर्गरने ती बार्जवर लादून न्यू जर्सीजवळ अटलांटिकमध्ये बुडवली. मला स्वतःला त्या सिरीजमधला एखादा अनोळखी खेळाडू मॅन्टलइतकाच बघावासा वाटतो, बुडता बुडता वाचलेला.

शेवटच्या दिवशी चेकलिस्ट, म्हणजे सेटमधल्या कार्डांची यादी छापलेलं कार्ड, घेतली. ५६ च्या सेटमध्ये नंबर नसलेल्या दोन चेकलिस्ट आहेत, आणि कोऱ्या असतील तर भरपूर महाग, कारण पोरं त्यावर खुणा करायची, तेच तिचं काम होतं. खुणा केलेली चेकलिस्ट कुणाला नको असते म्हणून स्वस्तात मिळते. मी मुद्दाम खुणांचीच शोधत होतो. मिळाली त्यावर निळ्या पेनाने नीट चौकोन भरलेत, आणि मॅन्टलच्या चौकोनात दोनदा गिरवलंय.

तर आता बाकी काय राहिलं. १३५ नंबरचा मॅन्टल, ५ नंबरचा टेड विल्यम्स, डॉजर्सचं टीम कार्ड, आणि १८१ ते २६० मधले थोडे कॉमन्स. मॅन्टल मला मागून कागद निघालेला चालेल, टाचणीचं भोक चालेल, क्रीज चालेल जर चेहऱ्यावरून जात नसेल तर. कड कापलेली आणि वरून रंग मारलेला चालणार नाही. कुणाच्या बघण्यात असला तर कळवा, मागच्या बाजूचा फोटो आधी पाठवा.